येऊन राहिली

सर, परवा औंढ्याला काकूंकडे जाऊन आले. तुम्ही गेल्यापासून त्या घरी जायचं मी टाळतच होते. जायचं म्हटलं की काहीतरी काम निघायचं, नाही निघालं तर मीच काढायची. परवा आमच्या संघातल्या पोरींचा सायकलचा सराव हिंगोलीच्या रस्त्याला होता, त्या पुढे निघून गेल्या, आणि गाडी आपोआप तुमच्या गल्लीत वळली असं लिहिणार होते, पण गाडी कुठे आपोआप वळते? मीच वळवली. काकू आता फार वाकल्यात. दारात उभी राहिले तर आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि पहिलं म्हणाल्या काय, इतकी वाळलीस काहून, खायला घालत न्हाईत का तुला. बळजबरीनं पाटावर बसवलं, गरम भाकरी वाढली, आणि मी जेवत असताना तुमच्याबद्दल एक गोष्ट अगदी सहज सांगितली. ती गोष्ट पुढे लिहिते. आधी माझं लिहू द्या. जवळा बाजारच्या शर्यतीत त्या दिवशी मी काय ऐकलं हे तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत. माझी ऐकण्यात चूक झाली असं तुम्हाला खरंच वाटलं, की मी मुद्दाम केलं हे ओळखून तुम्ही मला झाकलंत? इतकी वर्षं मला एवढं एकच हवं आहे, आणि सांगणारा माणूस गेला.

त्या स्वयंपाकघरात काहीच बदललेलं नाही. तुम्ही आम्हा सहा पोरींना तिथेच सायकलची शर्यत शिकवलीत. फळा नाही, खडू नाही, काकूंचा पोळपाट ओढून घ्यायचा, त्यावर मधोमध एक हळकुंड ठेवायचं आणि भोवती शेंगदाणे. हळकुंड म्हणजे कप्तान. शेंगदाणे म्हणजे आम्ही बाकीच्या. पाच दिवसांच्या शर्यतीत रोज कुणीतरी पहिली येते, तिला हार पडतो, फोटो निघतो. पण पाची दिवसांचा वेळ मिळवून ज्या पोरीचा सगळ्यात कमी भरतो तीच खरी जिंकते, आणि ती एकटी कधीच जिंकत नाही. पुढे जो चालतो तो वारा छातीवर घेतो, मागचा त्याच्या आडोशाला निम्म्या दमात चालतो. म्हणून शेंगदाण्यांनी पाळीपाळीनं पुढे व्हायचं, वारा घ्यायचा, गाडीकडे मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या पाठीत खोचून आणायच्या, कप्तानची सायकल पंक्चर झाली तर आपलं चाक काढून द्यायचं. हे सांगता सांगता तुम्ही एकेक शेंगदाणा उचलायचात, म्हणायचात, "हिचं काम झालं," आणि तोंडात टाकायचात. शेवटी पोळपाटावर नुसतं हळकुंड उरायचं. आम्ही खिदळायचो. काकू म्हणायच्या की मेले माझे कुटाचे दाणे संपवून राहिले. मी हसायचे, पण माझा दाणा कोणता हे मी रोज लक्ष ठेवून बघायची, आणि तो गेला की मला कसंतरीच व्हायचं. मी तशी पहिल्यापासून हावरी. तुम्हाला ते माहीत होतं.

माहीत असणारच. तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत तेच कुरुंद्याच्या रस्त्यावर, हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीच्या मागे चिकटून शाळेला जाताना. ट्रॉलीच्या मागे वारा लागत नाही, सायकल ओढल्यासारखी चालते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही आमच्या शाळेचे पीटीचे सर, मोटारसायकल आडवी घातलीत आणि रस्त्यात मला झाडलंत. ब्रेक मारला त्यानं तर मरशील की, अक्कल हाय का. मी म्हणाले की सर, ब्रेकचा दिवा बघत असते मी. तुम्ही मोटारसायकल बाजूला घेतलीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला थांबवून घेतलंत आणि म्हणालात, आडोशाला बसता येतं तुला, आता दुसऱ्याला आडोसा करून दाखव. त्या एका बोलण्यातून पुढची सगळी वर्षं निघाली. दादांना पटवायला तुम्ही आमच्या शेतात हळद शिजत असताना येऊन बसलात, कढईच्या धुरात डोळे चोळत. पोरीला सायकलवर पगार मिळतो हे दादांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. पाइप बनवणाऱ्या कंपनीनं मुलींचा पगारी संघ काढला, तुम्हाला मॅनेजर केलं, आणि तुम्ही शाळेतून बिनपगारी रजा घेऊन आम्हाला गावोगाव घेऊन हिंडलात, तेव्हाही ते शेजाऱ्यांना सांगायचे की पोरगी कंपनीत हाय.

कप्तान सांगलीकडची होती. अबोल, रुंद खांद्यांची, चढाला लागली की तिच्याकडे बघत राहावं अशी. तिच्याबद्दल मला वाईट लिहिता येणार नाही, आणि तेच अवघड जातं. त्या वर्षी परदेशातल्या एका संघाचा माणूस शर्यत बघायला आला होता, कप्तान जिंकली तर तिला नेणार असं जवळजवळ ठरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती एकूण वेळेत दुसरी होती, पहिलीपासून थोडीच मागे. चौथा दिवस आमच्या मुलखातला. हिंगोलीकडून येऊन औंढ्याचा चढ आणि मग उघड्या काळ्या रानातून जवळा बाजार. तुम्ही पोळपाटावर मांडलंत. एक शेंगदाणा उचलून पार पुढे नेऊन ठेवलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, तुला पुढं पेरून ठेवतो. म्हणजे सकाळीच मी दोघीतिघींबरोबर घोळक्यातून पुढे सटकायचं. चढावर कप्तान पहिलीला मागे टाकून एकटी निघेल. चढ संपला की सपाटीला तिला वारा एकटीनं झेपायचा नाही. तिथे मी थांबायचं, तिला आडोशाला घ्यायचं आणि जवळा बाजारपर्यंत ओढत न्यायचं. मी विचारलं, आणि कप्तान चढावर मागे पडली तर? तुम्ही म्हणालात, "ती राहिली तर तू मोकळी. मंग तुझा दिवस तू मार." हे वाक्य सगळ्यांसमोर बोललात. कप्तानही होती.

त्या काळी कानात काही नसायचं. आता आमच्या पोरींच्या कानात रेडिओची बोंडं असतात, मी गाडीतून कुजबुजले तरी ऐकू जातं. तेव्हा गाडी शेजारी आणून खिडकीतून ओरडायचं, एवढंच. चढ उतरून मी सपाटीला लागले तेव्हा माझ्याबरोबर पुढे आलेल्या दोघी गळाल्या होत्या. मी एकटी. डावीकडून वारा असा येत होता की सायकल तिरकी धरावी लागत होती, रानात तुरीशिवाय काही उभं नव्हतं. पाय थोडे सैल सोडले होते मी, कप्तानची वाट बघत, ठरल्याप्रमाणे. मग जीपचा आवाज आला. तुम्ही खिडकीतून अर्धे बाहेर, तोंडापुढे हात धरून ओरडत होतात. वाऱ्यानं तुमचे शब्द उचलून पलीकडच्या शेतात टाकले. माझ्या कानात एकच शब्द पडला. राहिली.

तुम्ही म्हणाला होतात, येऊन राहिली. कप्तान येऊन राहिली, थांब. आपल्याकडे असंच बोलतात, येणारी येऊन राहिली आणि जाणारी जाऊन राहिली. पण मागे पडते तीही राहिलीच. मला आधीचं 'येऊन' ऐकू आलं नाही. तुम्ही पुन्हा ओरडणार तेवढ्यात पंचांची मोटारसायकल आली, तिनं शिट्टी मारून जीप मागे हटवली. मागून येणारीचं आणि माझं अंतर कमी झालं की मध्ये गाडी ठेवू देत नाहीत, नियमच आहे तो. मी पेडलवर उभी राहिले आणि निघाले. जवळा बाजारला आठवडी बाजाराची गर्दी तशीच रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभी होती, कुरुंद्याहून टेम्पो भरून माणसं आली होती, दादा टोपी हातात धरून उभे होते. मी पहिली आले. जन्मात एकदाच. बायांनी माझ्या अंगावर हळद उधळली, डोळ्यांत गेली, आणि मी डोळे पुसत मागे वळले तर रस्त्यावरून कप्तान येत होती, एकटी, मान खाली, वाऱ्यानं पिळून काढलेली. तिच्या मागोमाग, अगदी दिसेल इतक्या अंतरावर, एकूण वेळेत पहिली असलेली पोरगी चार जणींच्या आडोशाला बसून येत होती. म्हणजे चढावर मिळवलेलं सगळं त्या उघड्या रानात निसटलं. दुसऱ्या दिवशी शर्यत संपली तेव्हा कप्तान दुसरीच राहिली. बघा, इथेही तोच शब्द आला.

त्या संध्याकाळी शाळेच्या वर्गात, जिथे आमची उतरायची सोय होती, कंपनीचे साहेब पुण्याहून आलेले. त्यांनी बाकावर हात आपटला नाही की काही नाही, अगदी हळू आवाजात विचारलं की गावासमोर हार घालून घ्यायचा होता का हिला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही उठलात.

"चूक माझी हाय साहेब. मी म्हणलं येऊन राहिली. वाऱ्यात हिला नुसतं राहिली ऐकू आलं. आमच्याकडं येणाऱ्यालाबी राहिला म्हणतेत आन मागं पडणाऱ्यालाबी. गाडीतून असं बोलाया नको होतं."

साहेब तुमच्याकडे बघत राहिले आणि मग हसून म्हणाले की सर, निदान मराठी तरी नीट बोलत जा. वर्गात दोघीतिघी हसल्या. मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं. पण सर, मी तेव्हाही बोलले नाही. तुम्ही माझ्या कानात काय पडलं ते सांगून टाकलं होतंत, अगदी बराबर सांगितलं होतंत, आणि माझ्या वाट्याला फक्त मान हलवायचं आलं. मला काय ऐकू आलं ते मला एकदाही माझ्या तोंडानं सांगावं लागलं नाही. कप्ताननं मात्र सायकली जीपवर चढवताना मला बाजूला घेतलं. रागावली असती तर सोसलं असतं. ती नुसती म्हणाली, "एकदा मागं वळून तरी बघायचंस." तिला परदेशात कुणी नेलं नाही. पुढच्या वर्षी तिनं सायकल सोडली. लग्नाला मी गेले होते, तिनं मला वाढलं, आग्रह केला, आणि त्या दिवसाचं अक्षर काढलं नाही.

तुम्हाला मॅनेजरच्या जागेवरून काढलं. तुम्ही शाळेत परत आलात, आणि तिथून ते सुरू झालं. तुम्ही आपली भाषा बोलायचं बंद केलंत. आधी मला वाटलं साहेबांच्या बोलण्याचा राग आहे, चार दिवसांत उतरेल. उतरला नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी रांगा लावताना तुम्ही म्हणायचात, मुलांनो, कृपया सरळ उभे राहा, आणि पोरं तोंड दाबून हसायची. औंढ्याच्या बाजारात तुम्ही भाजीवाल्या मावशीला विचारलंत, ही भेंडी कशी दिली आहे, तर तिनं तुम्हाला दर्शनाला आलेलं परगावचं समजून जास्तीचा भाव सांगितला. ती तुम्हाला लहानपणापासून ओळखत होती, सर. काकू म्हणायच्या, घरात कुणी तहसीलदार येऊन राहिल्यासारखं वाटतं. फोन केला की तुम्ही म्हणायचात, मी येत आहे. येऊन राहिलो हे तुमच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. दवाखान्यात शेवटी भेटायला आले तेव्हाही, नाकात नळी, ओठ कोरडे, आणि तुम्ही मला विचारताय, तू जेवली आहेस का. मी चिडले. आजारी माणसावर चिडू नये, पण चिडले. म्हटलं सर, आपल्या भाषेत बोला ना माझ्याशी. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, हीसुद्धा आपलीच आहे. त्यानंतर आठवड्याच्या आत तुम्ही गेलात, आणि मी त्या वाक्यावर भांडायची राहून गेले.

मला तेव्हापासून दोन तऱ्हेनं वाटत आलंय. कधी वाटतं, तुम्ही खरंच स्वतःच्या जिभेला दोषी धरलंत आणि तिला जन्मभराची शिक्षा दिलीत. ते मनात आलं की मला रडू येतं. कधी वाटतं, तुम्हाला पक्कं ठाऊक होतं की मी हावरी आहे, मी दिवस चोरला, आणि मला वाचवायला तुम्ही ही गोष्ट रचलीत, मग ती खरी दिसावी म्हणून मरेपर्यंत तशी निभावलीत. भाषा बदलली नसती तर लोक म्हणाले असते की हा मास्तर पोरीला झाकतोय. ते मनात आलं की तुमचा राग येतो, भयंकर राग येतो. कारण मला खरंच तेवढंच ऐकू आलं होतं. आईची शपथ. नुसतं राहिली. मीही तो शब्द टाकला, सांगू का? आज गाडीतून पोरींना मी 'मागे पडली' म्हणते, 'येतेय' म्हणते. घरात पोळी राहिली का असं विचारत नाही, उरली का विचारते. नवरा हसतो. गेल्या महिन्यात आमच्या एका पोरीला मी कानात सांगितलं, थांब, कप्तान येतेय, आणि ती थांबली. जिंकत होती, तरी थांबली. रात्री जेवली नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तशीच उठून आले. तुम्हाला आले असते असे शब्द मला आले नाहीत.

आता काकूंचं. परवा मला दुसरी भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या की तुझ्या सरांना मी एकदा विचारलं होतं, पोरीला तुमी कधी इचारलं का व्हो, काय ऐकलं म्हणून. तर तुम्ही म्हणे चहा पीत होतात, कप खाली ठेवलात आणि बायकोशी त्या सगळ्या वर्षांत एकदाच आपल्या भाषेत बोललात. काकूंनी ते तुमच्या आवाजात सांगितलं. "न्हाई इचारलं. इचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं." एवढंच, आणि कप उचललात. काकूंना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी मला ताक हवं का विचारलं. मी हो म्हणाले, कारण दुसरं काही बोलायला गेले असते तर रडले असते.

तेव्हापासून मी त्या एका वाक्याभोवती फिरतेय. पत्र लिहून संपत आलं आणि ते कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही, काकूंना वाचता येत असतं तरी दिलं नसतं. फाडणार नाही, कपाटात ठेवेन, पोरींच्या जुन्या जर्सी असतात त्या खणात. तुम्ही विचारलं असतं तर मी म्हणाले असते, सर, नुसतं राहिली ऐकू आलं, आणि ते खरं होतं. पण तुम्ही तिथे थांबला नसतात, पुढचं विचारलं असतंत. तुम्ही माझ्यापासून चार हातांच्या अंतरावर, खिडकीतून अर्धे बाहेर होतात, माझं तोंड तुमच्या समोर होतं, आणि मला आता कळतंय की तुम्हाला माझ्या कानाबद्दल कधी शंकाच नव्हती. कप्तान राहिली असं ऐकलं आणि सर, मला आनंद झाला. इतका, की मी मागं वळून बघितलं नाही.